पर्शियात की पर्शियावर?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. दोन-तीनदा बसलेही, पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना, म्हणून उठले. शेवटी ठरवलं, एका छोट्याशा शब्दापासून सुरुवात करू. 'वर' या शब्दापासून. (शब्दयोगी अव्यय म्हणायचं की प्रत्यय, ते मराठीच्या शिक्षकांनी ठरवावं. मी विज्ञान शाखेची आहे.)

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडची आडनावं बघितली तरी पूर्वज काय करत होते ते सांगायला इतिहासकार लागत नाही. सारंग, तांडेल, नाखवा. ही मुळात आडनावं नाहीतच, बोटीवरचे हुद्दे आहेत. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, तांडेल त्याच्या हाताखालचा, नाखवा म्हणजे गलबताचा मालक किंवा कप्तान. माझ्या लहानपणीही गावात घराघरांतून एखादा पुरुष 'बोटीवर' असायचाच. म्हणजे घरात तो फोटोत असायचा आणि वर्षा-दीड वर्षाने पेटी घेऊन दारात उभा राहायचा.

फक्त आमच्या घरातून कोणी बोटीवर जात नव्हतं. आजोबांनी आपल्या एकाही मुलाला नळी काढू दिली नाही. नळी म्हणजे खलाशाचं सर्टिफिकेट. पूर्वी हे कागद भिजू नयेत म्हणून पत्र्याच्या नळीत घालून जपायचे, त्यावरून कागदालाच नळी म्हणायला लागले असं सांगतात. गोव्यातल्या आणि आमच्याकडच्या जुन्या जहाजी लोकांना हा शब्द सांगितला की चेहरा खुलतो. आजोबांच्यासमोर मात्र तो उच्चारायची सोय नव्हती.

त्याचं कारण त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते बोटीवर गेले आणि परत आले नाहीत. आजोबा तेव्हा तीन वर्षांचे होते. गावातल्या सारंगाशी पणजोबांचं काहीतरी वाजलं होतं, त्यामुळे गावच्या माणसांबरोबर न जाता ते मुंबईला जाऊन दुसऱ्याच कुणा सारंगाच्या हाताखाली भरती झाले. साहजिकच त्यांच्या बोटीवर गावचं कोणी नव्हतं, आणि काय झालं ते येऊन सांगणारंही कोणी नव्हतं. अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. वर्षभरात गावात बोलणं सुरू झालं की त्याने विलायतेत मडम केली. आजोबा शाळेत जायला लागले तेव्हा पोरं त्यांना 'मडमेचा' म्हणून चिडवायची. आजोबा १९८१ साली गेले, आणि शेवटपर्यंत त्यांनी वडिलांचं नाव स्वतःहून काढल्याचं कोणाला आठवत नाही.

पणजी मात्र ठाम होती. त्याने मडम केली यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो मेला यावरही नव्हता. तिने बांगड्या उतरवल्या नाहीत, इद्दत पाळली नाही. शबे-बरातला घरातल्या सगळ्या मयतांच्या नावाने फातिहा व्हायचा, त्यात त्याचं नाव घ्यायला तिने कधी दिलं नाही. ती गेल्यावरही ते नाव घ्यायचं नाही अशी घराची रीतच पडून गेली.

कुठे गेला होता असं विचारलं की पणजी सांगायची, "पर्शावर." तिला शेवटचं पत्र आलं होतं त्यात तसं लिहिलेलं होतं. पत्र मुंबईत कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, गावात मौलवींनी वाचून दाखवलेलं, नंतर कुठेतरी हरवलेलं. घरातल्या शिकलेल्या मंडळींनी त्याचा अर्थ लावला तो असा, की पर्शा म्हणजे पर्शिया, म्हणजे इराण. माझे चाचा तर आम्हाला नकाशावर आबादान आणि बसरा दाखवून सांगायचे की त्या युद्धात हिंदुस्थानातून केवढी माणसं तिकडे गेली होती, त्यातच पणजोबाही गेले असणार. ऐकायला पटण्यासारखं होतं. पणजी अडाणी, ती 'पर्शियात'च्या ऐवजी 'पर्शावर' म्हणते, एवढंच.

फुफू आता नव्वदीच्या घरात आहे. पणजीच्या हाताखाली वाढलेली तीच एक उरली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे बसले असताना हा विषय निघाला. चाचा नेहमीप्रमाणे म्हणाले, "पर्शियात होते." तशी फुफू म्हणाली, "नाय हां. दादी पर्शावर असाच बोलायची. कोणी पर्शात बोलला तर तिला राग यायचा."

आता बघा, मराठीत आपण गावात असतो, देशात असतो, शेतात असतो. 'वर' कुठे असतो? डोंगरावर, घाटावर, ड्युटीवर. आणि बोटीवर. कोकणातल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. पणजीने शब्द बरोबर ऐकला होता आणि बरोबर सांगत होती. पर्शा ही बोट असणार.

पी अँड ओ कंपनीच्या टपाल-बोटींत पाच सख्ख्या बहिणी होत्या. १८९६ ते १९०० या काळात पाण्यात उतरलेल्या. इंडिया, चायना, इजिप्त, अरेबिया आणि पर्शिया! पाचही देशांची नावं. म्हणजे त्या काळी मुंबईच्या गोदीत एखादा खलाशी दुसऱ्याला 'मी चायनावर आहे, तू इजिप्तवर ये' असं अगदी गंभीरपणे सांगत असणार. यातली चायना तेवढी म्हातारी होऊन १९२८ साली मोडीत निघाली. इंडिया ऑगस्ट १९१५ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ, पर्शिया डिसेंबर १९१५ मध्ये आणि अरेबिया नोव्हेंबर १९१६ मध्ये भूमध्य समुद्रात, अशा तिघी जर्मन पाणबुड्यांनी बुडवल्या. इजिप्त युद्धातून वाचली आणि १९२२ साली धुक्यात दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन गेली. तिची गोष्ट पुढे सांगते, कारण तिचाही इथे संबंध आहे.

तर मग बोट सापडली. माणूस सापडणं ही वेगळी गोष्ट.

ज्यांनी हा उद्योग कधी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्रिटिश बोट बंदरातून निघायच्या आधी खलाशांशी करारनामा व्हायचा, त्याला खलाशांची यादी जोडलेली असायची. गोऱ्या खलाश्याचं नाव, आडनाव, वय, जन्मगाव, आधीची बोट, सगळं व्यवस्थित. आपल्या माणसांचा करारनामा वेगळा असायचा, त्याला लष्करी करार म्हणायचे. लष्कर म्हणजे इथे फौज नव्हे, आशियाई खलाशी. फारसी शब्दच पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून इंग्रजीत 'लास्कर' होऊन बसला. १९१४ च्या सुमाराला ब्रिटिश बोटींवर असे ५१,००० च्या वर लोक होते, म्हणजे साधारण दर सहा खलाशांत एक. पगार गोऱ्या खलाश्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. कायद्याने झोपायला जागा किती द्यायची तर गोऱ्याला १९०६ नंतर १२० घनफूट, आणि आपल्या माणसाला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे किती असा प्रश्न पडला असेल तर सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच असा खोका डोळ्यासमोर आणा. मी आणला, आणि मग पुढे काही वेळ वाचवलं नाही.

एका बाबतीत मात्र कायदा त्यांच्याकडे फार बारीक लक्ष ठेवून होता. हा माणूस विलायतेत राहून जाता कामा नये. १८२३ च्या कायद्यापासूनच आशियाई खलाशाला परत हिंदुस्थानात पोचवण्याची जबाबदारी बोटीच्या मालकावर टाकलेली होती. लंडनमध्ये वेस्ट इंडिया डॉक रोडला अशा अडकून पडलेल्या खलाशांसाठी १८५७ साली एक आश्रमशाळेसारखं निवासस्थानही उघडलं होतं. तरीही माणसं पळायची, राहायची, लग्नंही करायची. गावातल्या 'मडम केली'ला अगदीच आधार नव्हता असं नाही. म्हणूनच तर ते बोलणं इतकी वर्षं टिकलं.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आमच्या लोकांत कागदावर आडनाव लावायची पद्धत तेव्हा नव्हतीच. स्वतःचं नाव, बापाचं नाव, संपलं. त्यात इब्राहिम, इस्माईल, अहमद, अब्दुल्ला एवढ्या चार-सहा नावांवर अख्खा किनारा चाललेला. लिहून घेणारा कारकून इंग्रज किंवा बंगाली किंवा पारशी, सांगणारा खाडीकाठच्या बोलीत बोलणारा. एकाच इब्राहिमचं स्पेलिंग एकाच पानावर तीन प्रकारे सापडतं. गावाचं तर बोलायलाच नको. रत्नागिरीला जुन्या कागदांत कोणी 'रटनाघेरी' केलेलं आहे. मी सुरुवातीला अशा जागा बघून हसायचे. नंतर वहीत एक तक्ताच केला. या गावाची काय काय स्पेलिंगं होऊ शकतात, मोठ्याने म्हणून बघायचं आणि इंग्रजाच्या कानाने लिहायचं. माझी मुलगी म्हणायची, अम्मी आज पुन्हा इंग्रज झाली.

आणि हे कागद आहेत कुठे? याद्यांचा ढीग इतका झाला की साहेबांनाच ठेवायला जागा पुरेना. मग वाटणी झाली. दहा टक्के नमुन्यादाखल लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवल्या. ज्या वर्षाचा शेवटचा आकडा ५ आहे त्या वर्षांच्या उरलेल्या याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे. आणि १८६३ ते १९३८ मधल्या राहिलेल्यांपैकी बहुतेक, म्हणजे एकूण सत्तर टक्क्यांच्या आसपास, कॅनडातल्या न्यूफाऊंडलंड बेटावरच्या विद्यापीठात. आमच्या खाडीतला माणूस मुंबईत अंगठा उठवतो आणि त्याचा कागद शेवटी बर्फात जाऊन राहतो. आमचं नशीब एवढंच की १९१५ हे पाचने संपणारं वर्ष आहे. त्या एका वर्षाच्या ३९,००० याद्या स्वयंसेवकांनी बसून उतरवून काढल्या आणि कोणालाही फुकट बघता येतील अशा ठेवल्या. ही माणसं भेटली तर मी त्यांना आमच्याकडचे आंबे पाठवीन.

आता त्या प्रवासाबद्दल. पर्शिया १८ डिसेंबर १९१५ ला लंडनहून निघाली. जिब्राल्टर, मग मार्सेलिस, आणि पुढे पोर्ट सईदवरून मुंबई. ३० डिसेंबरला क्रीट बेटाच्या दक्षिणेला असताना दुपारी एकच्या सुमाराला, लोक जेवायला बसले असताना, यू-३८ या जर्मन पाणबुडीने काहीही इशारा न देता टॉर्पेडो मारला. पाणबुडीचा कप्तान माक्स फालेंटिनर. बोट पाच-दहा मिनिटांत खाली गेली. ती इतकी कलंडली होती की एका बाजूच्या होड्या सोडताच आल्या नाहीत. चार-पाच होड्या कशाबशा निघाल्या आणि त्यातली बहुतेक माणसं तीस-एक तास पाण्यावर राहिल्यावर सापडली. बोटीवर पाचशेच्या वर लोक होते, त्यातले ३४० च्या आसपास गेले.

ही बोट मुंबईकडे येत होती, हे मी दोनदा वाचलं. लंडनकडे जात नव्हती. पणजोबा त्या बोटीवर असतील तर ते घरी यायला निघाले होते.

मग वर्तमानपत्रं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी आपली जुनी वर्तमानपत्रं खुली करून ठेवली आहेत, शोधायचा शब्द टाकला की पान समोर. जानेवारी १९१६ मधली पानं मी रात्र रात्र वाचली. अमेरिकेचा एडनला निघालेला वकील बुडाला, त्यावरून वॉशिंग्टन आणि बर्लिनमध्ये कशी पत्रापत्री झाली. मोटारींचे शौकीन लॉर्ड माँटेग्यू आधी मेले म्हणून मृत्युलेख छापले आणि मग ते जिवंत सापडले. त्यांची सेक्रेटरी एलिनॉर थॉर्न्टन मात्र गेली. रोल्स रॉइसच्या नाकावर जी पंखवाली बाई असते ती हिच्यावरून बनवली असं मानतात, आणि त्यामुळे आजही पर्शियाबद्दल लिहिताना सगळे तिच्यापासून सुरुवात करतात. कपूरथळ्याचे महाराज मार्सेलिसला उतरले म्हणून वाचले, अशीही गोष्ट सांगतात. पहिल्या वर्गातल्या उतारूंची नावं ठळक ओळीने. खलाशी? त्यांचा आकडा असतो. 'आणि इतके लास्कर.' कधी वाचलेल्यांत, कधी बुडालेल्यांत, आणि दोन दिवसांनी दुरुस्त झालेला.

मला राग आला का? पहिले काही दिवस आला. मग लक्षात आलं की वर्तमानपत्र आपल्या गिऱ्हाईकासाठी छापलं जातं, आणि आमची पणजी काही त्यांची गिऱ्हाईक नव्हती. मुंबईतल्या इंग्रजी पत्रांतही टपाल-बोट आली-गेली की उतारूंची यादी यायची, त्यात कोणी मेमसाहेब आल्या आणि कोणी रजेवर गेले ते कळतं. बोट चालवणारे कोण ते कळत नाही. त्यामुळे या कागदांत आपल्या माणसाला शोधायचं नसतंच, त्याची बोट शोधायची. बोटीला नाव असतं, बांधल्याची जागा असते (पर्शिया ग्रीनॉकची, १९०० सालची), कायमचा नंबर असतो, तिची प्रत्येक हालचाल नोंदलेली असते. बोट इतकी नीट सापडते की माणसाने हेवा करावा. तिच्या मागे मागे चालत राहायचं.

आणि वर्तमानपत्रांत आपली माणसं सापडलीच तर कशी सापडतात त्यासाठी इजिप्तची गोष्ट. २० मे १९२२ ला फ्रान्सच्या टोकाशी धुक्यात एका फ्रेंच बोटीने तिला धडक दिली. वीसेक मिनिटांत ती बुडाली, ऐंशीच्या वर माणसं गेली. लगेच विलायतेच्या पेपरांत बोंब सुरू झाली, की हिंदी खलाशी घाबरले, होड्यांवर तुटून पडले, यांना बोटींवर ठेवूच नये. रकानेच्या रकाने. नंतर चौकशी झाली तेव्हा ठपका आला तो कप्तानावर. माणसं वाचवायची नीट व्यवस्था केली नाही, शिस्त आणि कवायत ठेवली नाही म्हणून. त्याचं सर्टिफिकेट सहा महिन्यांसाठी काढून घेतलं. ही दुसरी बातमी पहिलीइतकी मोठी छापलेली नसते, हे वेगळं सांगायला नको. इजिप्तबद्दल आज लोकांना काय आठवतं? तिच्यातलं सोनं, जे इटालियन पाणबुड्यांनी तीसच्या दशकात वर काढलं. पर्शियाचंही तेच. २००३ साली सुमारे तीन किलोमीटर खोल जाऊन तिच्या तिजोरीच्या खोलीतून वस्तू काढल्या, त्या इंग्लंडमध्ये संग्रहालयात मांडलेल्या आहेत.

असो. विषयावर येते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बोटींवरचे सुमारे ३,४०० लास्कर मेले. ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची स्मारकं आहेत, आणि त्यातलं एक आपल्या मुंबईत, मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या निवासात आहे. १९१४-१८ च्या त्या स्मारकावर दोन हजारांच्या वर नावं आहेत. शेजारीच दुसऱ्या महायुद्धातल्यांचं स्मृतिपुस्तक, त्यात जवळजवळ सहा हजार, आणि त्याची जोडप्रत चितगावला. मुंबईत इतकी वर्षं काढली, मशीद बंदरला मसाला आणि सुकामेवा घ्यायला हजार वेळा गेले, हे मला माहीतही नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना होतं?

या कमिशनच्या यादीत बोटीच्या नावाने शोधता येतं. मी पर्शिया घातलं, ३० डिसेंबर १९१५ घातलं. नावं येत गेली. बरीचशी आमच्याकडचीच वाटावी अशी, मधेमधे गोव्याची, कारण सलूनमधले वाढपी-स्वयंपाकी गोव्याचे असायचे. पुढे एका ओळीवर थांबले. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आणि हुद्दा, कसब.

पणजी नवऱ्याला कसब म्हणायची, हे फुफूकडून ऐकलेलं होतं. आम्हाला वाटायचं कसबी माणूस म्हणून लाडाने म्हणत असेल. कसब हा डेकवरचा हुद्दा आहे. दोर, रंग, दिवे, सगळं सामान ज्याच्या ताब्यात असतं तो. खलाशांची ती एक स्वतंत्र भाषाच होती. टॉमस रोबक नावाच्या लष्करी साहेबाने १८११ साली कलकत्त्यात तिचा कोशसुद्धा छापला. पोर्तुगीज, अरबी, मलाय, हिंदुस्थानी सगळं त्यात आहे. बोटीची उजवी बाजू 'जमणा', ती गुजरात्यांची. डावी बाजू 'डावा', ती आपली. पणजीच्या बोलण्यात त्या भाषेचे दोन शब्द शिल्लक राहिले होते, आणि दोन्हीचे अर्थ आम्ही घरच्यांनी आपापल्या सोयीने लावले होते.

हा पुरावा कोर्टात टिकेल का? वकील असलेल्या माझ्या भावाने सरळ सांगितलं, नाही. गाव लिहिलेलं नाही. त्याच नावाचा, त्याच नावाच्या बापाचा दुसरा कसब दाभोळचा किंवा बाणकोटचा असू शकतो. बरोबर आहे त्याचं. पण नाव, बापाचं नाव, बोट आणि हुद्दा, या चार गोष्टी एका माणसात जमून यायच्या आणि तो आमचा नसायचा, यावर विश्वास ठेवायला मला जास्त कष्ट पडतात.

एक गोष्ट उरते, आणि ती लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला, कारण हे वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईकच आहेत. मेलेल्या खलाशाचा राहिलेला पगार शिपिंग ऑफिसकडून वारसाला मिळत असे. पर्शिया काही चोरून बुडाली नव्हती, कंपनीला आणि सरकारला बुडालेल्यांची नावं कळलेली होती. मग पणजीला एक पैसाही, एक कागदही कसा आला नाही? करारनामा करताना वारस म्हणून कोणाचं नाव दिलं होतं? तेव्हा घरचा पत्ता म्हणून मुंबईतल्या कुणाचा तरी पत्ता द्यायची पद्धत होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या घराण्याची एक शाखा तेव्हा डोंगरीत राहत होती, हेही. मी कोणावर आळ घेत नाही. कदाचित चिठ्ठी आली आणि ज्याला मिळाली त्याला गावी येऊन पणजीला सांगायची हिंमत झाली नसेल. पण कोणाला तरी माहीत होतं, आणि गावात मुलगा 'मडमेचा' म्हणवून घेत मोठा होत होता. चाचांना हे मी तोंडावर बोलले तेव्हा ते उठून ओटीवर गेले. त्यांना वाईट वाटलं असेल तर मला माफ करावं, पण मी ते खोडणार नाही.

फुफूला सांगायला मी मुद्दाम गावी गेले. कागदावर नाव मोठ्या अक्षरात उतरवून नेलं होतं, तिला आता बारीक दिसत नाही. तिने तारीख विचारली. मी म्हटलं, ३० डिसेंबर. ती म्हणाली, "आपला महिना कुठला?" ते मी काढून ठेवलेलं होतं. हिजरी १३३४, सफर महिन्याची बावीस, चंद्राप्रमाणे एखादा दिवस इकडे-तिकडे. फुफू म्हणाली, "सफर. वाटलाच मला." आमच्याकडे जुन्या बायका सफर महिना जड मानतात, त्यात प्रवासाला निघत नाहीत. मग थोड्या वेळाने विचारलं, "येत होता का जात होता?"

मी म्हटलं, "येत होता."

तिने कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात सूनबाईंना हाक मारून चहा सांगितला. त्या वर्षी शबे-बरातला फुफूने यादीत नाव घातलं. पणजीच्या नावाच्या आधी.

पुढचं काम चालू आहे. ग्रीनिचच्या १९१५ च्या याद्या माझी एक भाची तिकडे राहून बघते आहे. खलाशाच्या नावाने नाही, बोटीच्या नंबराने, आणि पर्शियाच्या आधी कसब म्हणून ते कोणत्या बोटीवर होते ते शोधत मागे मागे. गावाची दुसरी माणसंही त्यात सापडतील. म्हणून गावातल्या आणि डोंगरी-माझगावच्या सगळ्या घरांना एक विनंती. पोटमाळ्यावर, पेटीत, कुराणशरीफच्या रेहलखाली कुठे जुनी नळी असेल, पत्र्याची किंवा नुसता कागद, तर ती फेकू नका आणि लॅमिनेशनही करू नका. नाव, बापाचं नाव, बोट आणि साल एवढं उतरवून मला कळवा. स्पेलिंग कागदावर असेल तसंच ठेवा, सुधारू नका.